दोनशे चौतीस वेळा धुतलेला फिल्टर

वस्तू स्वच्छ ठेवणं ही नुसती सवय आहे. वस्तू स्वच्छ ठेवल्याची नोंद ठेवणं ही संस्कृती आहे. सवय काय, मांजरालाही असते. पण अंग चाटून झाल्यावर मांजराने कुठे सही केल्याचं ऐकिवात नाही. या कसोटीवर पाहता तेमा गावच्या कम्युनिटी अकरा या वस्तीतलं मिस्टर कॉर्नेलियस अंपोफो यांचं घर सबंध घानात सर्वांत सुसंस्कृत ठरावं, आणि त्या घरच्या दिवाणखान्यातला एसी हा सर्वांत सुसंस्कृत एसी.

अंपोफो सरकारी इमारतींच्या देखभाल खात्यातून उपसंचालक म्हणून निवृत्त झाले. (खात्याची स्वतःची इमारत मध्यंतरी बसली. ढिगाऱ्यातून देखभालीची वही मात्र शाबूत निघाली, आणि तीत शेवटपर्यंत 'समाधानकारक' असा शेरा होता.) निवृत्तीच्या आठवड्यातच त्यांनी एसी बसवला. सोबतच्या पुस्तिकेत 'फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा' असं एक वाक्य होतं. साध्या माणसाने ते वाचून फिल्टर धुतला असता. अंपोफोंनी वही आखली.

वहीत रकाने होते ते असे: तारीख, फिल्टर काढणाऱ्याची सही, धुणाऱ्याची सही, सुकल्याची खात्री करणाऱ्याची सही, फिल्टरचा रंग, आणि शेरा. काढण्याचं काम पत्नी जॉर्जिनाबाईंकडे होतं. (त्यांचे गुडघे स्टुलावर चढू देत नाहीत, पण तो अंमलबजावणीचा प्रश्न झाला, योजनेचा नव्हे.) धुण्याचं काम मुलगी न्हिरा हिच्याकडे, ती तेव्हा सोळा वर्षांची होती. सुकल्याची खात्री स्वतः अंपोफो करीत. वार शनिवार ठरला, कारण शनिवारी सगळे घरी असतात, असं त्यांच्या एका टिपणात म्हटलं आहे.

आता शनिवारी घानात कोण घरी असतं? शनिवारी घाना मातीला जातो. आपल्यातलं कुणी गेलं नसेल तर शेजाऱ्याचं, शेजाऱ्याचं नसेल तर ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावशीचं. अंपोफो कुटुंब सकाळी सातला काळे-तांबडे कपडे घालून निघे ते संध्याकाळी जॉलफ भाताचे डबे घेऊन परते. त्यामुळे फिल्टर धुणं त्या दिवशी शक्य नसे. नोंद मात्र शक्य असे. नऊ वर्षांत असे दोनशे चौतीस शनिवार आले. पैकी दोनशे एकवीस अंत्ययात्रांत गेले, सहा पावसात, चार वीज नसल्यामुळे, दोन घरचं स्टूल शेजाऱ्यांकडे गेल्यामुळे, आणि एका शनिवारी अंपोफोंना स्वतःलाच बरं नव्हतं. एवढ्या अडचणींतूनही एकही नोंद चुकली नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

मग रविवारी का नाही धुतला? रविवारी चर्च. सोमवारी? नियम शनिवारचा. नियम बदलायला घरातल्या सगळ्यांची बैठक लागते, आणि बैठकीचा वार शनिवार.

एसीही वहीला शोभेल असाच राहिला होता. घरच्या माणसांनी तो लावायचा नसे; तो पाहुण्यांसाठी होता, आणि दर बुधवारच्या महिला प्रार्थना मंडळासाठी. एरवी त्यावर जॉर्जिनाबाईंनी विणलेला झालरीचा झगा असे. शेजारच्या स्वयंपाकघरात रोज मासे धुरावले जात आणि दर डिसेंबरात हरमाटन वारा सहारातली माती घरपोच आणून देई. ती माती कुठे जाते, असा प्रश्न त्या घरात कधी कुणाला पडला नाही.

अशा घरच्या मुलीने, म्हणजे न्हिराने, पंचविसाव्या वर्षी डेझमंड नावाच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं. मुलगा निर्व्यसनी, कमावता, तिच्यावर जीव टाकणारा. पण धंद्याने एसी-फ्रिजचा फिटर.

"फिटर?" अंपोफो म्हणाले होते. "अगं, माणसाच्या हाताला ग्रीस असलं की सहीला डाग पडतो."

"डॅडी, तो सही करत नाही, काम करतो."

"तेच म्हणतोय मी."

अखेर आई आणि आत्या मध्ये पडल्या. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला यावं, श्नॅप्स दारूची बाटली पुढे ठेवावी. बोलणी पटली तर बाटली ठेवून घेऊ, न पटली तर परत करू, असं ठरलं. मार्चमधला एक रविवार धरला. बाटली परत गेली असती तर न्हिराचं लग्न मोडलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती तीन दिवस नीट जेवली नव्हती.

पाहुणे दोनला येणार होते म्हणून एसी बाराला लावला. पाहुणे चारला आले, म्हणजे वेळेवर आले. मुलाचे मामा नाना बोअडू हे बंदरावरचे निवृत्त भांडारपाल. पांढरं शुभ्र नवं वस्त्र खांद्यावरून घेऊन आलेल्या या वयस्क गृहस्थांना अर्थातच सर्वांत मानाच्या खुर्चीवर, बरोबर एसीखाली बसवण्यात आलं. दोन्ही घरं चर्चला जाणारी असल्यामुळे पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारूची धार सोडायची नाही, हे आधीच ठरलं होतं. दोन्ही पाद्र्यांनी तशी ताकीद दिली होती.

एसीतून वारा जेमतेमच येत होता. "शांत यंत्र आहे," अंपोफोंनी पाहुण्यांना सांगितलं.

डेझमंड मागच्या रांगेत बसला होता. या विधीत नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नसतं. त्याच्या वतीने बोलायला ओपानिन सारपोंग नावाचे वाकबगार गृहस्थ होते, मुलीच्या बापाच्या वतीने बोलायला त्याची बहीण, आंटी फिलोमिना. बाप आणि मुलगा एकमेकांपासून तीन हातांवर असले, तरी बोलणं या दोघांमार्फत, आणि शक्यतो म्हणींतून. नुसतं सरळ बोलून लग्न जमवायला ती काही भाजीची खरेदी नव्हे.

डेझमंडने एसीकडे पाहिलं. जाळीआड पांढरं काही तरी चमकत होतं. तो सारपोंगांच्या कानाशी लागला. "काका, फिल्टर चोंदलाय. आत बर्फ धरलाय. बंद करायला सांगा, नाहीतर मामांवर पाणी येईल."

सारपोंग उभे राहिले, घसा खाकरला. "आंटी, ऐका आणि तुमच्या भावाच्या कानी घाला. आमचा मुलगा म्हणतो, ज्या घराचं नाक चोंदलं, त्या घराचे डोळे वाहायला वेळ लागत नाही."

आंटी फिलोमिनांनी क्षणभर विचार केला. मग भावाकडे वळल्या. "दादा, ते म्हणताहेत की आपल्या घरात काहीतरी आजार आहे. आणि तो लग्नानंतर बाहेर पडेल."

दिवाणखान्यात कुजबुज झाली. अंपोफो खुर्चीतून अर्धे उठले. "त्यांना सांग, फिलोमिना, की माझी मुलगी ठणठणीत आहे. दाखला आहे माझ्याकडे. शिक्क्यासह!"

फिलोमिना सारपोंगांना म्हणाल्या, "भाऊ म्हणतो, ज्या झाडाला कागद आहे त्याला कीड नसते."

सारपोंगांनी मागे वळून मुलाला सांगितलं, "ते म्हणताहेत, ठीक आहे."

"ठीक नाहीये, काका! फिल्टर!"

एवढ्यात वीज गेली. (तेमात ही बातमी नव्हे.) एसी थांबला, आणि चार तास साठलेला बर्फ मोकळा झाला. आधी एक थेंब, मग दोन, मग काळपट पाण्याची चांगली धार नाना बोअडूंच्या टाळूवरून खांद्यावर आणि खांद्यावरून त्या पांढऱ्या वस्त्रावर उतरली. दोन्ही पाद्र्यांनी मना केलेला विधी अशा रीतीने पार पडला. पूर्वज तृप्त झाले की नाही कळायला मार्ग नाही. पाण्याला धुरावलेल्या माशांचा वास मात्र स्पष्ट येत होता.

नाना बोअडू उठले. "अंपोफो, आमच्याकडे पाहुण्याला प्यायला पाणी देतात," ते म्हणाले. "तुमची रीत वेगळी दिसते." आणि त्यांनी बाटली उचलली.

आतल्या दाराशी उभ्या न्हिराने ते पाहिलं. जॉर्जिनाबाई देवाचा धावा करू लागल्या. अंपोफो मात्र तडक कपाटाकडे गेले आणि वही घेऊन आले.

"नाना, निघण्यापूर्वी एवढं पाहा. दोनशे चौतीस नोंदी. एक खाडा नाही."

भांडारपालकीत जन्म गेलेल्या माणसाला वही म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. नाना बोअडू बाटली काखेत धरून ओल्या बोटाने पानं उलटू लागले. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "तीन सह्या?" ते पुटपुटले. "प्रत्येक वेळी? रंगाचाही रकाना? 'राखाडी, राखाडी, राखाडी...' वा! नऊ वर्षांत रंगसुद्धा बदलू दिला नाहीत." त्यांचा आवाज भरून आला. "असली वही मी बंदरावरही पाहिली नाही हो."

"सुकल्याची खात्री मी जातीने करतो," अंपोफो विनयाने म्हणाले.

"म्हणजे फिल्टर स्वच्छ आहे, हे सिद्ध झालं. पाणी पडलं तो यंत्राचा उद्धटपणा." नानांनी आपल्या माणसांकडे करड्या नजरेने पाहिलं. "आणि आमच्या पोराने या घराचं नाक चोंदलं म्हणून सांगितलं? अशी वही असताना?" ते अंपोफोंकडे वळले. "मी क्षमा मागतो. ज्याला वही दिसत नाही आणि फिल्टर दिसतो, अशा मुलाला मुलगी देऊ नका. मी मामा असून सांगतो."

"मी तरी पहिल्यापासून काय म्हणत होतो!" अंपोफो गहिवरून म्हणाले. दोघांनी हात मिळवले. दोन्ही पक्षांत इतकं एकमत दार ठोठावण्याच्या विधीत सहसा होत नाही. फक्त लग्न तेवढं मोडत होतं.

बाटली परत नेण्यापूर्वी मुलीला विचारायचं असतं. आंटी फिलोमिनांनी न्हिराला पुढे बोलावलं. "बाळ, ही बाटली परत करायची ना?"

न्हिराने वही घेतली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "ही धुणाऱ्याची सही माझी आहे," ती म्हणाली. "सोळाव्या वर्षापासून करतेय. नाना, मी तो फिल्टर आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही."

"न्हिरा!" अंपोफो ओरडले.

"मम्मीनेही नाही. आणि डॅडी, तुम्ही सांगा. कधी हात लावलात? एकदा तरी?"

अंपोफोंनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत अशा प्रश्नाला देण्याची बावीस उत्तरं त्यांना पाठ होती. समोर मुलगी रडत उभी होती, आणि बाविसांतलं एकही ओठांवर येईना.

"डेझमंड, ऊठ," न्हिरा म्हणाली.

रीत मोडून तो उठला. स्टूल लावलं, पुढची जाळी उघडली, दोन खिट्ट्या दाबल्या आणि फिल्टर खाली आला. तो फिल्टर आहे, हे त्याने सांगितलं म्हणून कळलं. दिसायला ते जुनं घोंगडं होतं. त्यात थरावर थर नऊ हरमाटन होते, प्रार्थना मंडळाची पावडर होती आणि एक वाळलेली पाल होती, पाय जोडलेली. बघ्यांपैकी एकीने तिच्यासाठी क्रॉसची खूण केली.

अंगणातल्या नळाखाली डेझमंडने ते घोंगडं मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या साबणाने धुतलं. अंपोफो मागोमाग गेले होते. चिखल वाहून गेला तशी खालून जाळी दिसू लागली आणि ती निळी निघाली. स्वच्छ, आकाशी निळी. आपण दोनशे चौतीस वेळा 'राखाडी' लिहिलं, हे त्यांना आठवलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच घरातल्या वस्तूचा रंग आपल्याला माहीत नव्हता. मुलीच्या बाबतीत आणखी काय काय माहीत नसेल, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

त्यांनी फिलोमिनाला हाक मारली नाही. पहिल्यांदाच ते मुलाशी थेट बोलले. "किती वेळ लागला रे?"

"अकरा मिनिटं, डॅडी. आता सावलीत सुकू द्या."

अकरा मिनिटं. तीन सह्या, रंग आणि शेरा मिळून एका नोंदीला पंचवीस लागत. अंपोफो आत आले, नानांच्या काखेतली बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि आपल्या टेबलावर ठेवली. न्हिराने रीतीप्रमाणे आत जायला हवं होतं. ती बापाच्या गळ्यात पडली. नाना बोअडूंना जॉर्जिनाबाईंनी कोरडं वस्त्र दिलं. ते काळं-तांबडं होतं, कारण घरात इस्त्रीचं तेवढंच होतं.

लग्न मे महिन्यात झालं. डेझमंडने मार्चात फिल्टर धुतल्याची नोंद मात्र होऊ शकली नाही, कारण तो दिवस रविवार होता. अधिकृतरीत्या तो फिल्टर त्या दिवशी अस्वच्छ होता, आणि त्याआधी दोनशे चौतीस वेळा स्वच्छ.

आता त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. डेझमंडचा धंदा तेजीत आहे. आठवड्याला तीस घरांचे फिल्टर धुतो. त्याच्या स्वतःच्या घरी एसी आहे. त्याचा फिल्टर शेवटचा कधी धुतला, असं प्रस्तुत लेखकाने न्हिराला सहज विचारलं. "गेल्याच महिन्यात की," ती म्हणाली आणि चटकन दुसरा विषय काढला. तिचाच अनुभव अपवाद ठरू नये म्हणून लेखकाने कम्युनिटी अकरामधल्या आणखी एकेचाळीस घरांत जाऊन तोच प्रश्न केला. एकेचाळीस घरांत एसी निरनिराळे, माणसं निरनिराळी, उत्तर एकच: गेल्याच महिन्यात. तिचं धरून बेचाळीस.

हे वाचता वाचता तुम्हीही मनातल्या मनात काहीतरी म्हणालात. त्रेचाळीस.