ओठ हलवण्यास सक्त मनाई

कामाच्या वेळेत बायका बोलतात, ही गोष्ट गिरणीच्या व्यवस्थापनाला फार उशिरा कळली. उशिराचं कारण एवढंच, की त्या बोलताना आवाज होत नसे.

आवाज सगळा मागांचा. छताखाली लांबलचक लोखंडी दांडा फिरे, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि एकेक पट्टा एकेक माग असा काही खडखडवी, की शेजारणीच्या कानात बोंब ठोकली तरी तिला वाटावं, माशी बसली. पूर्वी माग घरोघर होते, हाताने चालत. तेव्हा सगळे जिला आत्या म्हणत, ती विणता विणता गाणी म्हणे, दोन गल्ल्या पलीकडच्या जावेशी भांडे आणि मधल्यामध्ये एखादं लग्नही जमवून टाकी. मग धुराड्याची गिरणी आली. तिचं कापड स्वस्त पडलं, घरचे माग चुलीत गेले आणि मागांच्या मालकिणी भोंग्यासरशी गिरणीत गेल्या. आत्याचा माग गेला, गाणी गेली. तोंड मात्र ती सोबत घेऊन आली होती.

आणि तोंड आहे म्हटल्यावर ते चालणारच. बायका ओठांवर शब्द मोठमोठे करून काढू लागल्या. समोरचीने ते डोळ्यांनी ऐकायचे. वर्षभरात अशी प्रगती झाली, की या टोकाच्या सुनेने सकाळी काय उत्तर दिलं, ते त्या टोकाला तिच्या सासूला दुपारच्या आत कळे. यात सगळ्यांत पटाईत आत्याची भाची. तोंडाला खळ नाही म्हणून तिला सगळे टकळीच म्हणत.

मालक मोठ्या कौतुकाने पाहुणे आणत. "बघा, एवढ्या बायका आणि चकार शब्द नाही! यंत्रयुगाचं खरं वरदान हे."

पाहुणे, त्यातून लग्न झालेले, अगदी गहिवरून जात.

हे असंच चालत राहिलं असतं, पण मुकादमाने आपल्या मेहुणीला कामावर लावून घेतलं. एका संध्याकाळी ती त्याला बघून हसत सुटली. "भावोजी, तुम्हाला रोज तोंडावर भोपळा म्हणतात, आणि तुम्ही वर मान डोलावता!"

मुकादम पेटला. त्याने दार लावून मेहुणीकडून ही ओठांची भाषा शिकून घेतली. शिकल्यावर कळलं, की भोपळा हे त्यातल्या त्यात मायेचं नाव होतं.

त्याने वर कळवलं. कसं कळलं ते मात्र कळवलं नाही.

समिती बसली. आवाजाविना बोलणं हे बोलणं होय काय, असा प्रश्न होता. एक सदस्य म्हणाले, "आवाज नाही तर गुन्हा कसला?" दुसरे म्हणाले, "उलट! आवाज न करता बोलणं म्हणजे लपवून बोलणं. ते जास्त गंभीर." दुसरे सदस्य मालकांचे साडू असल्याने त्यांचं म्हणणं अधिक तर्कशुद्ध ठरलं.

नियम निघाला: कामकाजाच्या वेळेत ओष्ठचलनास सक्त मनाई. जांभई आल्यास पूर्वपरवानगी घ्यावी. परवानगी तोंडी मागावी. पण तोंडी मागायची तर ओठ हलणार, म्हणून त्याआधी आणखी एक परवानगी घ्यावी. बायकांनी यातून वाट काढली आणि जांभया घरी नेल्या. तरी ओठ हलतच राहिले. मग 'आरोग्याच्या दृष्टीने' प्रत्येकीच्या तोंडावर फडकं आलं. तेव्हा डोळे बोलू लागले. मग नजर कापडावरून हलवू नये, असंही ठरलं.

सगळ्या नजरा अशा कापडाला खिळल्या असताना, आत्याच्या डोक्यावरच्या पट्ट्याची शिवण उसवत होती.

टकळीने ते पाहिलं, कारण तिला पाहू नये ते पाहायची खोडच होती. घरी जाताना ती म्हणाली, "आत्या, तुझा पट्टा तुटणार गं. तुझ्याच डोक्यात येईल."

"मग मी काय त्याला टाके घालू? मुकादमाला सांग."

"सांगितलं. तो म्हणतो, तक्रार-खिडकीवर जा."

तक्रार-खिडकी ही मालकांच्या दयाळूपणाची खूण होती. कामगारांना पायपीट नको म्हणून ती मागांच्या मधोमध उघडली होती. तक्रार तोंडी आणि कामाच्या वेळेतच करायची. आणि एका तक्रारीसाठी यंत्रं बंद ठेवणं कुणालाच पटलं नसतं. खिडकीत नवा कारकून बसे. खडखडाट सोसत नाही म्हणून त्याने कानांत कापसाचे बोळे घातले होते.

टकळी गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. कारकून गोड हसला. ती पुन्हा ओरडली. त्याने कानामागे हात धरला, पण बोळे काढले नाहीत. शेवटी तिने फडकं खाली ओढलं आणि ओठांनी, अगदी बाळाला भरवावं तसा, शब्द शब्द सावकाश सांगितला. तशी कारकून ताडकन उठला. "ओठ! ओठ हलले!" तो किंचाळला. ऐकू अर्थातच आलं नाही. टकळीने ते त्याच्या ओठांवरून वाचलं.

टकळीला ताकीद मिळाली. वर अहवाल गेला, की खिडकी उघडल्यापासून एकही तक्रार ऐकू आलेली नाही. मालकांचा ऊर भरून आला.

आणि मग एका सकाळी पट्ट्याने फटकारे मारायला सुरुवात केली. टकळी लांब, पलीकडच्या रांगेत. आत्याची नजर नियमाप्रमाणे कापडावर. टकळीने फडकं ओरबाडून काढलं. "आत्या, मागे हो!" आत्याने पाहिलंच नाही. पण मधल्या एकीने पाहिलं. तिची नजर नियमाबाहेर भटकत होती, देव तिचं भलं करो. तिचं फडकं खाली आलं, मग पुढचीचं, मग तिच्याही पुढचीचं. ओठांवरून ओठांवर ती हाक धावत गेली आणि शेवटी आत्याच्या शेजारच्या मागावर असलेल्या मेहुणीपाशी पोचली. तिने आत्याला वेणीला धरून मागे खेचलं.

पट्टा चाबकासारखा आला आणि आत्याच्या स्टुलाचे दोन तुकडे करून गेला.

चौकशी मालकांच्या खोलीत, सगळ्या बायकांना रांगेने उभं करून झाली. खाली जाड गालिचा. बोललेलं सगळं स्वच्छ ऐकू येणारी गिरणीतली ती एकच जागा. आधी कुणीही तक्रार केली नसल्याने पट्टा कुणालाही न कळवता तुटला, असा निष्कर्ष निघाला. प्रश्न एकच उरला.

"पट्टा तुटायच्या आधीच ही बाई जागेवरून हललीच कशी?" साडूंनी विचारलं. "कुणीतरी बोललं. पहिली कोण बोलली? तिला आजच्या आज घरी पाठवा."

पहिली तर टकळीच होती. घरी जाऊन करायचं काय? घरच्या मागाची तर राखही उरली नव्हती. तरी तिने तोंड उघडलं. तोच आत्याने तिच्या पायावर कचकन पाय दिला, स्वतः एक पाऊल पुढे झाली आणि आवाज न काढता ओठांनी म्हणाली, "मी."

मेहुणीचे ओठ हलले, "मी." मग मागच्या रांगेतले. बघता बघता खोलीतला प्रत्येक ओठ हलला, आणि गालिच्यावर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

साडू गोंधळले. "काय म्हणाल्या ह्या? मुकादम?"

मुकादमाला सगळं कळलं होतं. कळलं म्हणावं, तर शिकवलं कुणी आणि शिकला कशाला, हे आलंच. त्याने मेहुणीकडे पाहिलं. तिच्या ओठांवर सावकाश उमटलं, "भावोजी, जपून."

"काही नाही साहेब," मुकादम घाम पुसत म्हणाला, "जांभया देतायत."

जांभईचा नियम फक्त मागांच्या दालनापुरता असल्याने प्रकरण तिथेच मिटलं. कुणीही बोललं नव्हतं. आत्या आळस देत मागे सरली आणि आळसामुळे वाचली, असं ठरलं. भोपळ्याला बायका त्या दिवसापासून नुसता भोपळा म्हणू लागल्या, बाकीची नावं त्यांनी मागे घेतली.

पट्टा नवा आला. नियम मात्र जुनाच राहिला. उलट तो मोठ्या फळ्यावर रंगवून फाटकाशी लावला. आता बायका अक्षर अक्षर जुळवून वाचणाऱ्या. 'ओष्ठचलनास' हा शब्द वाचताना प्रत्येकीचे ओठ हलत, आणि नियम वाचणारी प्रत्येक जण तो तिथल्या तिथे मोडी. म्हणून समितीने तळाशी एक ओळ वाढवली: हा फलक ओठ न हलवता वाचावा.

मघाशी 'मी' वाचताना तुमचेही ओठ जरासे हलले. पण घाबरू नका. तुमच्याही डोक्यावर कुठला तरी पट्टा उसवतोय, तुम्हाला तो दिसतोय, आणि तरी तुमच्या तोंडून अजून शब्द फुटलेला नाही, म्हणजे नियम तुम्ही मोडलेलाच नाही. अगदीच चौकशी लागली, तर तुम्ही जांभई देत होतात, अशी ग्वाही मुकादम आनंदाने देईल.