ह्व्योर्ड्गचा अर्धा ‘ओ’

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या डॉ. मेरेटे स्कोव्हगोर यांना आपली अद्भुतरम्य कादंबरी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची होती. अडचण एकच होती. नायकाचं नाव होतं ह्व्योर्ड्ग. मातीच्या रसायनशास्त्रातली नोकरी सांभाळून त्यांनी हे नाव हजारदा लिहिलं होतं. उच्चारलं एकदाही नव्हतं. कागदावर ते भारदस्त दिसायचं आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

प्रकाशक म्हणाला, "आधी वाचक संघाची मान्यता आणा. उच्चार चुकला तर ते लोक आपल्याला सुखानं जगू देणार नाहीत."

संघ रीतसर होता. घटना होती, कॉफी होती, दालचिनीचा केक होता. अध्यक्ष टोर्बेन यांनी विचारलं, "बाई, आपण सभासद?"

"मी लेखिका."

"म्हणजे निरीक्षक. केक घ्या, मत देऊ नका."

उच्चार उपसमितीनं अहवाल वाचला. ‘व’च्या आधीचा ‘ह’ डॅनिशमध्ये मूक असतो, तो गेला. ‘र’नंतरचा ‘ड’ही त्याच वाटेनं गेला. शेवटचा ‘ग’ आपल्या घशातून वर येतच नाही. ‘र’ आहे असं मानण्याचा फक्त प्रघात आहे. ‘व’ आणि ‘य’वरून यूटलंडवाले आणि कोपनहेगनवाले हमरीतुमरीवर आले, तेव्हा सलोख्यासाठी दोन्ही वगळले. उरला ‘ओ’. तोही अर्धा, घशात अडकवलेला.

"म्हणा बघू," टोर्बेन म्हणाले.

मेरेटेंनी म्हटलं.

"पाऊण झाला. नापास."

"अहो, पण हे नाव मी बनवलंय."

"म्हणून तर तुमचा कान पक्षपाती. मनाला लावून घेऊ नका. वाचन मी करीन."

मेरेटे म्हणजे शास्त्राचं माणूस. पद्धत काटेकोर असली की निकाल मुकाट्यानं मान्य करायची त्यांना सवय होती. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "तो पहिल्याच प्रकरणात मरतो."

उपसमितीच्या इंगेलिसेनं हळूच विचारलं, "मग उरलेली चारशे पानं कुणाची?"

"त्याच्या बायकोची. आनाची."

"आना," टोर्बेन म्हणाले. "ह्यात भांडण्यासारखं काय आहे? ती पानं तुम्हीच वाचा, बाई. तसंही ती ऐकणार कोण?"

हवं होतं ते जवळजवळ सगळं मिळालं होतं, फक्त ऐकणारे नव्हते. मेरेटेंनी पुन्हा बसून पेन काढलं, कादंबरीतल्या पहिल्या ‘आना’त एक ‘ह’ खुपसला आणि दुसरा कुठे मावेल ते शोधू लागल्या.

टोर्बेननी आपली खुर्ची जवळ ओढली.