कट म्हणते, निघत नाही

आमचे शेजारी दसारामजी मोटार ब्रेकनं थांबवत नसत. पाय ब्रेकवर असायचा, नाही असं नाही, पण मोटार थांबते ती आपण "हो... हो... हो रे राजा" म्हणतो म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत होती. निघताना ते जिभेनं टक्‌टक्‌ करत. वळणावर "बाजूनं गा, बाजूनं" असं मोटारीला समजावत. भोंगा होता, पण तो त्यांना उद्धट वाटे. "आपल्या जनावराच्या मानेत घुंगरू असते, भोंगा नसते," असं म्हणून त्यांनी पुढच्या बाजूला बैलांची जुनी घुंगरमाळ बांधली होती. रस्त्यानं मोटार येताना माणसं बाजूला व्हायची ती बैलबंडी येतेय असं समजून, आणि मग दचकून आणखी बाजूला व्हायची.

मी तेव्हा फुलचूरला राहत होतो आणि रोज सायकलनं गोंदियाच्या शाळेत शिकवायला जात होतो. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. एका मालगुजारानं घरातल्या शोभेच्या गोष्टी एकेक करून काढायला सुरुवात केली, त्यातली ही काळी मोटार दसारामजींनी घेतली. खरं तर दसारामजी धानाचे शेतकरी. मोटारीशी त्यांचा संबंध धूळ खाण्यापुरता. पण त्यांची बायको सरसाबाई वारली आणि त्यांच्या खिल्लारी जोडीनं चारा सोडला. सरसाबाई त्या बैलांना हातानं भरवायची. दुसऱ्याच्या हातचं ते खाईनात. शेवटी दसारामजींनी जोडी मेहुण्याच्या घरी पोचवली, शेती अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिली, आणि बैलांच्या रिकाम्या कोठ्यात मोटार आणून उभी केली. गव्हाण तशीच ठेवली. तिच्यात ते मोटारीची फडकी ठेवत.

मोटारीला त्यांनी जनावराचे सगळे नियम लावले होते. भर दुपारी ते तिला बाहेर काढत नसत. अमावास्येला ती कोठ्यातून हलत नसे. तिच्या दिव्यांना ते डोरे, म्हणजे डोळे, म्हणत आणि पावसाळ्यात ओल्या फडक्यानं पुसत. हँडल मारून सुरू करायची सोय होती, पण एकदा त्या हँडलनं उलटा फटका देऊन त्यांचं मनगट सुजवलं. दसारामजींनी तेच हँडल उचललं आणि चार माणसांदेखत तलावात फेकून दिलं. "धन्याले मारनारं जनावर मी दारात ठेवत नाई," म्हणाले. त्यानंतर मोटारीची सगळी मदार सेल्फच्या बटणावर होती.

सेल्फ मात्र लहरी. कधी दाबताक्षणी इंजिन घर्रकन उठे. कधी नुसतंच आतून 'कट' म्हणे आणि गप्प बसे. दुसरा कोणी असता तर चिडला असता. दसारामजी बॉनेटवर हात ठेवत आणि म्हणत, "कट म्हनते ना? आवाज आहे म्हंजे जीव आहे." हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. वर्गात मी एखाद्या मठ्ठ मुलाला प्रश्न विचारून त्यानं 'अं' केलं, की मलाही तेच आठवे.

घरात ते एकटेच. एकुलती एक लेक कमला सालेकशाला दिलेली. सकाळी भाताचा एक गंज चुलीवर चढवायचा आणि दोन्ही वेळ तेच, कधी दुधाशी, कधी मीठमिरचीशी. आमची ही अधूनमधून भाजीची वाटी पाठवी. वाटी परत येई ती तांदळानं भरून, वर एक वाक्य: "बाईले सांगजा, भाजी चांगली होती." बाकी भिंतीपलीकडून स्वयंपाकाचा म्हणून काही आवाज नाही की वास नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे पोळा झाला की लगेच तीज, म्हणजे हरतालिका, येते. तिजेच्या उपासाला लेक माहेरी यायची, आणि तिला आणायला माहेरचं माणूस सासरच्या दारात जाऊन उभं राहिलं पाहिजे, ही रीत. आदल्या वर्षी दसारामजी तापानं पडले होते, म्हणून त्यांनी नुसता निरोप धाडला. व्याह्यांनी पोरीला पाठवलं नाही. वर म्हणाले, "माय नाई, मंग कायचं माहेर? हिच्यासंग उपासाले बसन कोन?" हे दसारामजींना फार लागलं. वर्षभर ते त्यावर बोलले नाहीत, म्हणजे किती लागलं असेल ते समजा. या वर्षी त्यांनी महिनाभर आधीच निरोप पाठवला: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः मोटार घेऊन येतो. उलट निरोप आला: दुपारपर्यंत वाट पाहू, मग पोरगी इथंच तीज करील.

मला त्यांनी सोबत यायला सांगितलं होतं. "मास्तर संगं असला म्हंजे व्याही जरा शुद्ध बोलन," असा हिशेब.

त्या सकाळी मी गेलो तेव्हा दसारामजी पांढराशुभ्र फेटा बांधून तयार होते. पोळ्याची बेगड अजून मोटारीला चिकटलेली होती आणि बॉनेटवर हळदीकुंकवाचे पंजे होते. ते आत बसले, जिभेनं टक्‌टक्‌ केलं आणि सेल्फ दाबला.

कट.

"आवाज आहे," ते म्हणाले. पुन्हा दाबला. कट. तिसऱ्यांदा त्यांनी आधी नमस्कार केला. कट.

अर्ध्या तासात अंगण भरलं. मोटार बंद पडली की आमच्या गावात प्रत्येकाला काहीतरी कळू लागे. सुटीवर आलेला एक रेल्वेतला फायरमन म्हणाला, "पानी कम है, स्टीम नहीं बन रहा." त्याला कोणीतरी ही रेलगाडी नसल्याचं सांगितलं, तरी त्यानं पाणी ओतलंच. मग राइस मिलचं इंजिन सांभाळणारे रहमतभाई आले. ते कार्ब्युरेटर खोलून बसले, त्यात फुंकर मारली, परत बसवला. कट. आठदहा जणांनी मोटार ढकलली. ती कोठ्यातून अंगणात आली आणि भादव्याच्या चिखलात मागच्या चाकांनी छान बैठक मारली. आता ती पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"काका, रेलगाडीनं जा ना," कोणीतरी म्हणालं.

"रेलगाडी कोनाच्या दारात थांबते का?" दसारामजी भडकले. "टेसनावरून चिखल तुडवत जाऊ? तसा बाप पाहून व्याही काय म्हनन? म्हनन, माय गेली आन् बापही गेल्यातच जमा."

पण ऊन चढत होतं. आणखी थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, "मास्तर, गाडी कितीची आहे?" मी उत्तर देण्याआधीच पलीकडे रुळांवरून शिट्टी ऐकू आली. गाडी निघून गेली होती. दसारामजींचा चेहरा मला पाहवेना.

काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, "दिवे लावून बघा." दिवे लागले, चांगले लख्ख. सेल्फ दाबला की मात्र दोन्ही डोरे एकदम मिटायचे आणि आत कट.

"बैटरी उतर गई," रहमतभाई म्हणाले.

"कशी उतरन? परवा तर गोंदियाहून भरून आनली."

रहमतभाई बॉनेटमध्ये डोकं घालून विचार करू लागले, आणि दसारामजी हट्टानं सेल्फ दाबत राहिले. कट. कट. तेवढ्यात आमची ही भिंतीपाशी आली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, कोणाची फोडणी करपतेय? हळद जळल्याचा वास येतोय."

सगळ्यांनी नाकं वर केली. वास खरंच होता. दसारामजींच्या चुलीत तर राखसुद्धा गार होती. वास घेत घेत आम्ही सगळे मोटारीच्या पोटाशी येऊन थांबलो. रहमतभाईंनी बॅटरीच्या क्लिपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. क्लिप तापली होती. तिच्याखालून पिवळं, चिकट काहीतरी वितळून ओघळत होतं.

"दसारामजी, हे काय?"

"काय म्हंजे? खांद शेकली."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू ओढून निबर झालेले खांदे गरम पाण्यानं धुवायचे, त्यांना हळद आणि लोणी चोळायचं, आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गेल्या साली दसारामजींनी मोटारीच्या बॉनेटला हळद लावून भागवलं होतं. या साली त्यांनी जास्त खोलात शिरायचं ठरवलं.

"रहमतभाईनंच सांगतलं," ते म्हणाले, "का सारा भार बॅटरीवर असते. मंग खांदा कोनता? ह्या दोन खुंट्याच ना? क्लिपा काहाडल्या, लोनी-हरद चांगली जिरवली, परत घालून देल्या."

"इतनी ढीली?"

"कसून कायले बांधू? खांदा सोलते."

रहमतभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे दादा! बीच में मक्खन का गद्दा बिछा दिया, ऊपर से क्लिप ढीली! दिये को थोडा करंट लगता है, मिल गया. सेल्फ को ढेर सारा चाहिये, वो कहाँ से जाएगा? ये बैल है क्या?"

लोक इतके हसले की फायरमनला चिखलात खाली बसावं लागलं. दसारामजी हसले नाहीत.

"मले मालूम आहे गा, बैल नाई," ते म्हणाले. "मी का पागल आहे? हे काम कमलाच्या मायचं होतं. दरसाल ती करे. आवतन देल्याबिगर तिले झोप नाई ये. परवा सांज झाली, लोनी घेऊन बसलो, आन् मनात आलं, या घरात आता आवतन द्याले आहेच कोन? ही मोटार एकटी कोठ्यात उभी होती. मंग तिलेच देलं."

आमची ही आत गेली आणि गरम पाणी घेऊन आली. रहमतभाईंनी खुंट्या चिंधीनं पुसल्या, चाकूनं खरवडल्या, क्लिपा घालून पान्यानं घट्ट आवळल्या. आवळताना दसारामजी बॉनेटवर हात ठेवून तोंड दुसरीकडे करून उभे होते. "झालं आता, झालं," असं काहीतरी ते मोटारीला सांगत होते.

मग ते आत बसले. टक्‌टक्‌ करायचं विसरले. सेल्फ दाबला आणि मोटार अशी काही गरजली की भिंतीवरच्या कोंबड्या पलीकडे उडाल्या. सगळ्यांनी मिळून ती चिखलातून उचलूनच रस्त्यावर ठेवली म्हटलं तरी चालेल.

त्या दिवशी दसारामजींनी आपले सगळे नियम मोडले. भर दुपारी मोटार हाणली. आमगावच्या पुढे नाल्याला पाणी होतं, त्यात 'हो' न म्हणता घातली. आणि कमलाच्या सासरचं गाव दिसल्याबरोबर या माणसानं भोंग्यावर हात ठेवला तो थेट व्याह्यांच्या दारात जाऊनच काढला. सगळा गाव घराबाहेर आला.

कमला ओसरीवर बसली होती. नवं लुगडं नेसून, गाठोडं मांडीशी घेऊन. सकाळपासून बसली असणार. व्याही सूर्याकडे बघत म्हणाले, "दुपार होऊन गेली, बुवा."

"मोटार बंद नाई करत," दसारामजी आतूनच ओरडले. "बसवा पोरीले."

व्याह्यांनी मोटारीकडे बघितलं, भोवती जमलेल्या गावाकडे बघितलं, आणि गाठोडं स्वतः उचलून मागच्या सीटवर ठेवलं. माझी शुद्ध भाषा वापरायची वेळच आली नाही. परतीच्या वाटेवर एकदा कमलानं नाक वर करून विचारलं, "बाबा, हरदीचा वास कायचा येऊन राहिला?" दसारामजी म्हणाले, "कायचा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. एकाएकी हळदीचा खमंग वास आला. पाठोपाठ विहिरीवरून दसारामजी धावत आले, ओल्या धोतरानिशी, अंगावर पाणी तसंच. कोठ्यात शिरले, धाडकन बॉनेट उघडलं, क्लिपांना हात लावून पाहिला, वाकून नाकानं हुंगलं. मी भिंतीवरून विचारलं, "काय हो, पुन्हा?"

"मास्तर, वास येऊन राहिला ना..." ते म्हणाले आणि थांबले. घरातून कढईवर झारा आपटल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. दसारामजी मान वळवून घराच्या दाराकडे बघत राहिले.

"मोटारीतून नाई," ते म्हणाले. "घरातून येऊन राहिला."

त्यांनी बॉनेट लावलं नाही, धोतरही पिळलं नाही. तसेच कोठ्याच्या उंबऱ्यावर बसले, आणि कमलानं दारातून हाक मारेपर्यंत बसूनच राहिले.

"बाबा," ती म्हणाली, "जेवाले या."