बिननवरीचा साखरपुडा
मुरबाडात मंडपाची ऑर्डर फोनवर घ्यावी तर ती जगदीशने, म्हणजे मी. किशोरशेठच्या मंडप-केटरिंगच्या दुकानात बारा वर्षं फोन मीच सांभाळला. शहापूरपासून माळशेजपर्यंत कुठल्या घरच्या पंगतीत भात जास्त लागतो, ते मला तोंडपाठ.

मग शेठने ठाण्याची एक कंपनी गाठली.

"ती लोकं आपल्याला एआय लावून देणार. फोन तेच उचलेल."

"मग मी?"

"तू त्यांना सगळं समजावून दे."

कंपनीच्या प्रियांका मॅडम आल्या. शेठने त्यांना पंख्याखालची माझी खुर्ची दिली. त्या लॅपटॉप उघडून विचारत गेल्या आणि मी मूर्ख, चार दिवस मान ताठ करून सांगत गेलो. आपल्याला एवढं कोण विचारतं? पाचव्या दिवशी माझी सगळी अक्कल यंत्रात, आणि ते माझ्याहून गोड बोलायला लागलं. गिऱ्हाइकं दुकानात येऊन सांगायची, "शेठ, तुमचा नवीन माणूस लय नम्र हाय." मी फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायचो.

ठरवलं, याला तोंडावर पाडायचं. टोकावड्याला घरी गेलो, आईचा मोबाइल घेतला आणि दुकानाचा नंबर लावला.

"साखरपुडा हाय. दोनशे मानसा. जेवान शाकाहारी, पन पापलेट पायजे."

"पापलेटची पंगत वेगळी लावू, साहेब. कधी आहे?"

"रविवारी."

"नवरदेवाचं नाव?"

साहेब! बारा वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या भरात माझंच नाव गेलं, पत्ताही गेला. "पक्की करू?" विचारल्यावर तोंडातून निघालं, "हा, करा."

रद्द करायचं तर शेठला सांगावं लागणार, म्हणजे नोकरी गेली. म्हटलं, असली येडी ऑर्डर कोणी तरी तपासेलच. पण तपासायचं काम माझं होतं, आणि यंत्र आल्यापासून ते बंद झालं होतं. ऑर्डर आता थेट टेम्पोवाल्या मंगळ्याच्या मोबाइलवर जायची.

रविवारी सकाळी मंगळ्या दारात. "आमाला सांगितलंस पन नाय रे," म्हणत त्याने खुर्च्या आणि जेवणाची पातेली उतरवली. खांब उभे राहिले तशी आळी जमली. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"पोरगी कुठली रे?" तिने हळूच विचारलं. तिचे डोळे भरले होते. मी वाकून खुर्च्या मांडायला लागलो.

तेवढ्यात शेठ आले, हातात आहेराचं पाकीट. मग खरं सांगावंच लागलं. आई आत गेली. शेठने पाकीट खिशात घातलं आणि प्रियांका मॅडमना फोन लावला. मला वाटलं, चला, यंत्राची तक्रार तरी होतेय.

"मॅडम, तुमचं यंत्र एक नंबर. आमच्या जगदीशसारख्या खडूस माणसाकडून दोनशे पानांची ऑर्डर काढली त्याने."

शिजलेलं वाया जाऊ नये म्हणून आळी जेवायला बसली. दोन्ही पंगती झाल्या, वाढायला मीच. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुपारी तिच्या मोबाइलवर मेसेज आला. "जगदीशजी, साखरपुड्याच्या हार्दिक शुभेच्छा. आमची सेवा कशी वाटली?"

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला नीट विचारणारं तेवढं एकच होतं. पाचही तारे देऊन टाकले.