दोन अक्षरांची जागा

कोथळगाव नगरपालिकेच्या मोठ्या संगणकात माणसाची नोंद भरली, की त्याच्या आयुष्यात नवं माणूस मावत नसे. वामनराव दात्यांची एकशेवीस अक्षरांची नोंद काठोकाठ भरली आणि त्यांना नात झाली. नाव ओवी, दोनच अक्षरं. पण नाव नोंदीत बसेना म्हणून नात मांडीवर बसेना. सुनेने मांडीवर ठेवली, की पुढच्या क्षणी ती पाळण्यात. चार दिवस वाट पाहून वामनराव इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत गेले.

नोंद अधिकारी परचुरे भला माणूस होता. त्याने नोंद उघडून मार्ग सुचवला. "शेवटी पत्नीचं नाव आहे, इंदुमती. त्या आता नाहीत. इंदू करू या. बरोबर दोन अक्षरं सुटतात."

"इंदू तिला माहेरचे म्हणायचे," वामनराव म्हणाले. "माझं लग्न इंदुमतीशी झालं."

"मग नोंद जागच्या जागी ओढून लांब करू."

वामनरावांनी दोन्ही हात आडवे केले. मागे वासुदेव काटदऱ्यांची नोंद अशीच ओढली, तेव्हा शेजारच्या नोंदीतल्या विनायकाचा 'वि' चिरडला गेला. तेव्हापासून तो नायक आहे आणि घरात कुणाचं ऐकत नाही.

"ओढायचं नाही, साहेब. उसवतं," कोपऱ्यातून कुमुदताई रेळे म्हणाल्या. शिंप्याच्या घरची बाई, बावीस वर्षं याच यंत्रावर. गावातल्या एकाही माणसाची वेलांटी त्यांच्या हातून हरवली नव्हती. त्या खुर्ची सरकवून बसल्या आणि वामनरावांना उगाचच धीर आला.

ताईंनी दूरची मोकळी जागा शोधली, तिथे लांब नोंद बेतली आणि जुनीतली अक्षरं तिच्यात उतरवली. बाकावर दुसरे वामनराव येऊन बसले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

"आता जुनी काढू?" परचुऱ्यांनी विचारलं.

"आधी मोजू द्या." ताई बोट ठेवून मोजत गेल्या. एकशेएकोणीस. त्या नव्या वामनरावांकडे वळल्या. "काका, काकूंचं नाव?"

"इंदुम," ते म्हणाले आणि कावरेबावरे झाले.

जुन्यांनी डोळे मिटले. ताईंचा चेहरा हलला नाही. "म्हणूनच जुनं ठेवायचं असतं," म्हणत त्यांनी सगळं पुन्हा उतरवलं, पुन्हा मोजलं. एकशेवीस. 'ती' जागेवर होती. मग ओवी लिहिलं आणि सूचीत वामनरावांचा नवा ठिकाणा नोंदवला.

"काय हो नातीचं नाव?" जुन्यांनी विचारलं.

"ओवी."

"काय म्हणालात?"

"ओवी."

"ऐकू आलं नाही. पण गोड असणार." त्यांनी चष्मा पुसून बाकावर ठेवला, ताईंना मान लवून नमस्कार केला, आणि ताईंनी जुनी नोंद काढायची कळ दाबली. नव्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

परचुऱ्यांनी नोंद पाहून कपाळाला आठी घातली. "ताई, अडतीस अक्षरं कोरीच राहिली की."

"ती माया. पुढे वाढवायला कापड बेततानाच ठेवायची असते," ताई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. असा हात वामनरावांनी जन्मात पाहिला नव्हता.

घरी सुनेने ओवीला मांडीवर ठेवलं. ती तिथेच राहिली. थोड्या वेळाने धोतर ओलं झालं, तरी वामनराव हलले नाहीत. मांडीवर अजून पुष्कळ जागा होती.