कोरं पान चालत नाही

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लोकांनी चिकटवलेली निधनाची पत्रकं शिपाई पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होता, तेवढ्यात नगरपालिकेचा माणूस पत्र देऊन गेला. अकरा वर्षं बंद पडलेल्या वाचनालयाच्या इमारतीचं काय करायचं, ते महिनाअखेरीस ठरणार होतं. पाडून गाड्या लावायला जागा करायची की दुकानांचे गाळे काढायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

शिपाई आणि त्याची बायको इमारतीच्याच मागच्या खोलीत राहत होते. पूर्वी तिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी व्हायची. खोलीला अजून खळीचा वास होता आणि आता तो दोघांच्या कपड्यांनाही होता.

"आणि आपली खोली?" बायकोने विचारलं.

"इमारतीतच आहे ना ती."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या स्टोव्हच्या जागी कोणाची तरी गाडी उभी राहील."

"मग आपण कुठं उभं राहायचं?"

त्याबद्दल पत्रात काही नव्हतं.

वाचनालय बंद झालं होतं ते तोंडी. छत गळायला लागलं, अर्धी पुस्तकं शाळेत गेली, उरलेली वाळवीने संपवली. लेखी आदेश मागाहून येतो असं सांगण्यात आलं, आणि तो अजून यायचाच होता. तोवर कागदोपत्री वाचनालय चालू, शिपाई कामावर, आणि टेबलावर वाचकांची हजेरीवही. दर शनिवारी मोठे साहेब, म्हणजे नगरपालिकेतले या खात्याचे प्रमुख, वहीवर सही करायला यायचे. छत गळल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? सगळं कोरं?"

"कोणी आलंच नाही, साहेब. बंद आहे ना."

"बंद असल्याचा कागद आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग चालू आहे. कोरं पान म्हणजे माणूस कामावर नव्हता. कोरं पान चालत नाही. पुढच्या शनिवारी असं दिसलं तर खोली खाली करा."

शिपायाने आधी बायकोचं नाव लिहिलं. ती म्हणाली, "उद्या कोणी विचारलं काय वाचलंत, तर मी काय सांगू? रॉकेलवाल्याची पावती?" मग त्याने समोरच्या न्हाव्याचं नाव लिहिलं. तिसऱ्या दिवशी न्हावी हातात वस्तरा घेऊनच आला. वहीतलं नाव त्याच्या घरी कळलं होतं आणि विचारणा सुरू झाली होती, की दुपारी दुकान बंद करून वाचायला जातोस म्हणे, तर वाचता येत नाही असं घरी एवढी वर्षं खोटं का सांगितलंस.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "जिवंत माणसाचं नाव लिहू नका हो. जिवंत माणूस भांडायला येतो."

दोघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. खरवडून काढलेली निधनाची पत्रकं. पूर्ण नाव, वय, पत्ता, सगळं छापील.

तेव्हापासून वही भरू लागली. गावात माणसं जात होती, वाचक वाढत होते. शिपाई मन लावून लिहायचा. म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र, मास्तरांना इतिहास, आणि एक खाटीक अकाली गेला होता त्याला त्याने बागकामाचं पुस्तक दिलं, जरा बदल म्हणून. साहेब यायचे, न वाचता पानाखाली लिहायचे, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही ठोकून निघायचे. अकरा वर्षांत नवे वाचक येत गेले, जुना एकही सुटला नाही.

आता इमारत पाडायची तर कागद पुरे हवेत, म्हणून नगरपालिकेने वही मागवली. तिथे वहीची पानं पुन्हा पुन्हा उलटून बघितली गेली. रोजचे चाळीस वाचक. एवढी माणसं तर दवाखान्यातही जात नव्हती. शिवाय नियम असा होता, की वापरात असलेली जागा मोडायची तर वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. दोनशे चौदा पत्त्यांवर नोटिसा गेल्या. सुनावणीस स्वतः हजर राहावे; गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजण्यात येईल.

सुनावणी वाचनालयातच, साहेबांसमोर ठेवली होती. शिपायाने छत जिथे गळत नाही तेवढ्या जागेत खुर्च्या मांडल्या. त्या सकाळी बायकोने भांडी गोणीत भरायला घेतली.

पहिली उठली ती शिंप्याची विधवा. नोटीस तिने घडी घालून पदराला बांधून आणली होती.

"ह्यांना जाऊन चार वर्षं झाली," ती म्हणाली. "इथं लिहिलंय, मागच्या मंगळवारी येऊन गेले."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने छताकडे.

"काय वाचत होते?" तिने विचारलं.

शिपायाने पान काढलं. "प्रवासवर्णन."

"बघा. मला म्हणायचे, गुडघे दुखतात, कुठं जायला नको." ती खाली बसली. मग पुन्हा उठून म्हणाली, "चष्मा होता का त्यांच्याकडे? घरीच राहिलाय तो."

खाटकाचे दोन मुलगे एकदम उठले. थोरल्याने वडिलांच्या पाठी घराची वाटणी केली होती, आणि स्वयंपाकघर स्वतःकडे ठेवलं होतं.

"बाबा गुरुवारी इथं होते," धाकटा म्हणाला. "म्हणजे वाटणी रद्द."

"बाबांना मी स्वतः मातीत ठेवलंय."

"सरकारी वही आहे दादा ही. वर सही आहे. तुझ्याकडे काय आहे?"

थोरल्याकडे काही नव्हतं. त्याने धाकट्याची कॉलर धरली, खुर्ची मोडली, आणि मागे बसलेल्या चाळीसएक जणांच्या लक्षात आलं, की वहीप्रमाणे आपल्याही घरातलं गेलेलं माणूस गुरुवारपर्यंत होतं. कोणाची सून सासू गेली त्याच दिवसापासून मोठ्या खोलीत झोपत होती, कोणी सासऱ्याची सायकल विकून टाकली होती. सगळे एकदम बोलायला लागले.

साहेब शिपायाला कपाटामागे घेऊन गेले. घामाने त्यांची कॉलर ओली झाली होती.

"मेलेल्यांची नावं लिहिलीत तुम्ही?"

"कोरं पान चालत नाही म्हणालात."

"मी हे खोटं आहे म्हणून वर कळवतो. तुम्ही घरी."

"कळवा ना, साहेब. गोणी भरूनच ठेवलीय. फक्त प्रत्येक पानाखाली 'तपासले' लिहिलंय, ते अक्षर माझं नाही."

साहेबांनी कपाटाच्या फळीवरून बोट फिरवलं आणि हाताला आलेली वाळवीची माती पँटला पुसली. मग बाहेर आले आणि त्यांनी घसा साफ केला. वही खरी आहे, ते म्हणाले. वहीतले लोक मेले आहेत हेही खरं आहे. म्हणजे या इमारतीत मृतांची नोंद गेली अकरा वर्षं नियमाने चालू आहे. सबब इथे मृत्यूनोंदणी कार्यालय करावं. वहीचं फक्त कव्हर बदलायचं.

हे कोणालाच नीट कळलं नाही, त्यामुळे कोणाचीच हरकत आली नाही. खाटकाचे मुलगे मोडकी खुर्ची एकमेकांवर ढकलत घरी गेले. मागच्या खोलीत भांडी गोणीतून परत फळीवर गेली. शिंप्याची विधवा जाताना चष्मा टेबलावर ठेवून गेली.

नव्या कार्यालयाचे पाच दिवस बरे गेले. माणसं वेळच्या वेळी जात होती. शनिवारी मात्र दुपारी चार वाजेपर्यंत कोणीच गेलं नाही. सही करायला आलेल्या साहेबांनी पान उलटलं.

"कोरं?"

"आज कोणी गेलंच नाही, साहेब."

"हे मला सांगू नका. कोरं पान म्हणजे माणूस कामावर नव्हता. मी कोपऱ्यावरून चहा घेऊन येतो. तोवर भरा, नाहीतर खोलीचं बघावं लागेल."

ते गेले. शिपाई पेनाचं टोपण काढून बसला. बायको दारात उभी होती.

"कोणाचं लिहू? जिवंत माणूस भांडायला येतो."

"वाचल्यावर येतो," बायको म्हणाली. "जो वाचतच नाही, त्याचं लिहा."

साहेब चहा पिऊन आले. पान भरलेलं दिसलं, समाधान झालं. त्यांनी खाली लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', सही केली आणि निघाले. संध्याकाळी नियमाप्रमाणे यादी नगरपालिकेत गेली.

सोमवारी सकाळी शिपाई भिंतीवरचं ताजं पत्रक खरवडत होता. आपल्याच माणसाचं म्हणून नगरपालिकेने चांगलं ठळक छापलं होतं. साहेब घाईघाईने रस्ता ओलांडून आले. कचेरीत त्यांच्या खुर्चीवर कोणी दुसराच बसला होता.

"हे काय आहे?"

शिपायाने आत नेऊन वही समोर धरली. "सही तुमचीच आहे, साहेब."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पान पूर्ण वाचलं. अक्षरं दिसेनात, तेव्हा शिपायाने शिंप्याचा चष्मा पुढे केला. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले.

"हरकत घेता येते का यावर?" त्यांनी हळूच विचारलं.

"येते की. स्वतः हजर राहावं लागतं."

"मी हजरच आहे."

शिपायाने वही आपल्याकडे फिरवली आणि नोंदीवर बोट ठेवून पुन्हा एकदा बघितलं.

"इथं तसं दिसत नाही," तो म्हणाला.