उजव्या हातावर अन्याय

त्या दिवशी सकाळपासून कोरडं, बोचरं वारं सुटलं होतं. दोरीवरचे कपडे घटकाभरात वाळून पत्र्यासारखे कडक झाले होते, आणि रंगारीबाबांच्या हातांना नव्या भेगा पडल्या होत्या. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती घासून आणि टर्पेंटाइनमध्ये बोटं बुडवून बाबांचे तळवे असे झाले होते, की नुसत्या हातानं दार घासून काढावं. (एकदा काढलंही होतं. दार छान झालं.)

सूनबाई चहा घेऊन आली ती त्या हातांकडेच बघत राहिली. ती औषधाच्या प्रयोगशाळेत कामाला होती.

"बाबा, मला तुमचे हात हवेत."

"घे की. तसेही हल्ली रिकामेच असतात."

तिनं दोन डब्या समोर ठेवल्या, एक लाल झाकणाची, एक हिरव्या. "दोन्हींत ज्येष्ठमधाचा अर्क आहे. पण नुसता अर्क कातडीवर लावला की वरच बसून राहतो. म्हणून एका डबीत मी तो बारीक पिशव्यांत भरलाय. केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढ्या बारीक! त्या अर्क घेऊन आत शिरतात आणि तिथं रिकाम्या होतात."

"हमालच म्हण की."

"हमालच! लाल डबी डाव्या हाताला, हिरवी उजव्याला. पिशव्या कशात आहेत ते विचारायचं नाही. बारा जणांवर बघतोय, पण बाकी अकरा जण ऑफिसातले, त्यांचे हात आधीच लोण्यासारखे. खरा फरक दिसला तर तुमच्या हातांवर दिसेल. महिन्यानं आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई तपासणार. फरक दिसला नाही, तर तीन वर्षांचं माझं काम बंद."

"काळजी सोड," बाबा म्हणाले. आणि मनापासून म्हणाले, हेच तर दुखणं.

आठ दिवस सगळं नेमानं झालं. नवव्या दिवशी बाबांनी दोन्ही हात मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि निरखून पाहिले. डावा हात उजळ, मऊ. उजवा तसाच, जुन्या गोणपाटासारखा. एक भिंत उजळ आणि शेजारची मळकी! चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं असं बोट दाखवलं नव्हतं.

"अगं, बघ तरी," त्यांनी बायकोला हाक मारली. "आयुष्यभर ब्रश धरला उजव्यानं, आणि लाड चाललेत डाव्याचे!"

"हात आहेत ते, भिंती नव्हेत," बायको म्हणाली. "सांगितलंय तसं करा."

पण बाबांना राहवेना. लाल डबीतलं बोटभर मलम त्यांनी उजव्याला लावलं. नुसता टचअप हो! (टचअप एका ठिपक्यावर कधीच थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?) चार दिवसांत उजवा डाव्याच्या पुढे गेला. मग डाव्याला एक हात जास्त. मग मनगटापाशी जोड दिसायला लागला, म्हणून मलम कोपरापर्यंत चढलं. तिसऱ्या आठवड्यात लाल डबीनं तळ दाखवला आणि हिरवी जवळजवळ भरलेली. सुनेला सांगायची लाज वाटली. तेव्हा बाबांनी सचोटीचा रंगारी करतो तेच केलं. दोन डबे वेगळे वापरले तर भिंतीवर फरक दिसतो, म्हणून आधी दोन्ही एकत्र ओतायचे. त्यांनी दोन्ही डब्या एका वाडग्यात रिकाम्या केल्या, शांतपणे अर्धा तास ढवळल्या, एकजीव केल्या, आणि निम्मं निम्मं मलम परत भरून ठेवलं. काठही पुसले. काम स्वच्छ पाहिजे.

महिना झाला. प्रयोगशाळेत मोठ्या बाईंनी बाबांच्या हातांवर छोटंसं यंत्र टेकवलं.

"डावा उत्तम. उजवा..." त्यांनी चष्मा पुसला. "उजवाही तितकाच. मग तुमच्या पिशव्यांनी केलं काय, हो? साधं मलमही तेच करतंय."

सूनबाईनं पेनाला टोपण लावलं. घरमालकानं 'हा रंग नाही पसंत' म्हटल्यावर शिडीवरून उतरणाऱ्या माणसाचा चेहरा होतो, तसा तिचा झाला. तो चेहरा बाबांच्या चांगला ओळखीचा होता.

"बाई, तो उजवा खोटा आहे," ते म्हणाले. आणि टचअपपासून वाडग्यापर्यंत, काही न गाळता, सावकाश सगळं सांगितलं.

मोठ्या बाई ऐकतच राहिल्या. "म्हणजे हिरव्या डबीनं फरकच पडेना, म्हणून तुम्हाला राहवलं नाही?"

"आठ दिवस कळ काढली, बाई."

"ऐकून बरं वाटलं. पण हे कागदावर कसं लिहू? पुन्हा करावं लागेल. आणि हे असले मऊ हात काय कामाचे? दोन महिने देते. आधी होते तसे करून आणा, नाहीतर हे काम इथंच थांबवू."

घरी येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, माझ्या पिशव्यांवर एवढा भरवसा आजवर कुणी ठेवला नव्हता. थेट कोपरापर्यंत!"

ती रागावली असती तर बरं, असं बाबांना वाटलं. "दोन महिन्यांत हात खराब करून दाखवतो," ते म्हणाले. "शब्द आहे माझा."

दुसऱ्याच दिवशी ते समोरच्या घरी गेले. तिथं नवीन भाडेकरू आला होता, आणि त्याच्या बैठकीतल्या भिंतीचे पोपडे सुटले होते.

"ही सगळी भिंत मी खरवडून देतो," बाबा म्हणाले. "फुकट. हातमोजेसुद्धा नकोत."

शेजाऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, तळव्यावरून बोट फिरवलं. मग आदरानं एक खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "आजोबा, तुमची हौस कळते मला. पण हात सांगतायत ना, जन्मात कधी भिंतीचं काम केलेलं नाही तुम्ही! इथं आरामात बसा. उद्यापासून खरे रंगारी येतायत, ते कसं करतात ते बघत राहा, म्हणजे शिकाल हळूहळू."